पाठकोऱ्या कागदाचं पाकीट

विकतचं पाकीट आमच्या घरात यायचं ते फक्त दुसऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. स्वतः पैसे मोजून पाकीट आणणं आईला बाजारातून शिजवलेला भात आणण्याइतकं विचित्र वाटायचं. घरात कागद आहे, पिठाची खळ आहे, दोन हात आहेत, मग दुकानदाराच्या तोंडाकडे कशाला बघायचं, असा तिचा सवाल. म्हणून बाबा, ताई आणि मी मुकाट्याने पाकिटं करायला बसायचो. आमची, परबांची, खोली जोगेश्वरी पूर्वेला, चढावरच्या एका चाळीत होती. बाबांची गिरणी बंद पडली आणि ते अंधेरीच्या एका विमा कचेरीत शिपाई म्हणून लागले. गिरणी गेल्याचं दुःख त्यांनी फारसं बोलून दाखवलं नाही. आईने मात्र कचेरीचा एक मोठा फायदा पहिल्याच महिन्यात हेरला. तिथे पाठकोरे कागद निघायचे, म्हणजे एका बाजूला छापलेले, बिघडलेले, आणि पाठीमागे स्वच्छ पांढरे. ते फेकून द्यायचे असत. साहेबांना विचारून बाबा ते जेवणाच्या पिशवीत घालून आणू लागले. डबा आणि कागद एकाच पिशवीत असल्यामुळे आमच्या घरून गेलेल्या प्रत्येक पत्राला सुक्या बांगड्याचा बारीक वास असे. गावचा मामा म्हणायचा की पोस्टमन फाटकाशी आला की पत्र कुणाचं हे त्याला न बघताच कळतं.

शनिवारी माझी शाळा सकाळची असे. घरी येऊन जेवले की आई चटई पसरायची आणि स्टोव्ह पेटवून खळ शिजवायला घ्यायची. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं पाकीट खात नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून आई दर शनिवारी मला न चुकता बजावायची, "बोटां चाटू नको गो." मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि खळ चाटायचं माझं वय कधीच उलटलं होतं, पण आईच्या हिशेबी ते उलटलं नव्हतं. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक साचा होता. तो कागदावर ठेवून ताई पेन्सिलीने रेघ मारायची, कापायची, चमच्याच्या पाठीने घडी दाबायची. मी खळ लावायचे. माझा हात सढळ असल्यामुळे निम्म्या पाकिटांची तोंडं आतूनच चिकटत आणि ती पाकिटं नुसती बघण्याच्या कामाची राहात. शेवटी सगळी चळत पाट्याखाली दाबून ठेवायची. मधेच लांब दगडखाणीत सुरुंग उडायचा, भांडी थरथरायची, ताई कात्री हवेत धरून थांबायची आणि आवाज विरला की जिथल्या तिथून पुढे कापायची. तो सुरुंग आता बंद झाला, खाणीच्या जागी इमारती आल्या. पण अजूनही कात्रीने काही कापताना माझा हात मधेच थांबतो आणि नातू विचारतो, आजी, काय झालं?

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला वाचता यायचं, पण पाकिटाच्या कागदावरचं ती कधी वाचायची नाही. कापड चाचपावं तसा ती कागद चाचपायची. जाड आहे का, घडीवर फुटतो का, तिकीट धरेल का, एवढंच बघायची. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद तिच्या मते दिसायला देखणा आणि स्वभावाने खोटा, कारण त्याच्यावर तिकीट टिकत नसे. आणि वापरलेलं पाकीट उकलून, उलटं करून परत चिकटवणाऱ्या लोकांबद्दल तिचं मत अगदीच वाईट होतं. "उष्टां ताट धुवन परत वाढूचा तसां ता," असं ती म्हणायची. आपण काटकसरी आणि ते चिक्कू, ही सीमारेषा तिने फार काळजीपूर्वक आखली होती.

न वाचण्याचा एकदा फटकाही बसला. मामाला गणपतीला येत असल्याचं पत्र गेलं ते बाबांच्या कचेरीच्या बिघडलेल्या फॉर्मातून केलेल्या पाकिटातून. मामाने घाईत पाकीट उभं फाडलं, आणि आतल्या बाजूला त्याला पहिले शब्द दिसले ते 'मयताचे नाव'. तो ओसरीवर मटकन बसला. मामीने पुढे वाचून नावाची जागा रिकामी आहे असं दाखवेपर्यंत त्याने मनातल्या मनात आमच्यापैकी दोघांना पोचवलं होतं. गणपतीत त्याने आईला याबद्दल बरंच ऐकवलं. आईने शांतपणे विचारलं, "पाकीट आतसून कोण वाचता?" आणि त्या प्रश्नावर विषय संपला.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताईचं नाव शैला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दहावी होऊन ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रेडिओचे बारीक बारीक भाग जोडायला जायची. घरात कमी बोलायची आणि जे बोलायची ते बहुतेक मला, तेही चिमटा काढून. तिच्या लग्नाचं आईने मनावर घेतलं होतं. शेजारच्या राणेकाकूंनी मुलुंडचं एक स्थळ सुचवलं. मुलगा बँकेत, घरी फक्त आई, माणसं आपल्याकडचीच. पत्रिका आणि फोटो पाठवायचं ठरलं. ताईला फोटो काढायला स्टुडिओत नेलं, तेव्हा फोटोवाला "जरा हसा" म्हणाला आणि ती हसली नाही. आईला तो फोटो मर्यादशील वाटला. मला कारण माहीत होतं. ताईने महिन्यापूर्वी कारखान्यातल्या मैत्रिणीच्या नादाने नर्सच्या शाळेचा फॉर्म भरला होता. साडेतीन वर्षांचं शिक्षण, तिथेच हॉस्टेलवर राहायचं, आणि मुलगी बिनलग्नाची हवी. हे तिने मला पाण्याच्या रांगेत उभं असताना सांगितलं आणि वर हात पिरगाळून, कुणाला बोलणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

मी बोलले नाहीच. मी लिहिलं. शाळेत देसाईबाईंनी तिमाहीला निबंध दिला, 'माझी आवडती व्यक्ती'. वर्गातल्या सगळ्या मुली आई, आजी नाहीतर एखाद्या थोर पुढाऱ्यावर लिहिणार, म्हणून मी ताईवर लिहिलं. तो निबंध मला अजून जवळजवळ पाठ आहे, कारण पुढे तो आमच्या घरात इतक्या वेळा वाचला गेला. 'माझ्या ताईचे नाव शैला आहे. ती दिसायला गोरी नाही पण चांगली आहे. ती झोपेत शिटीसारखी बारीक घोरते. तिने केलेली आमटी कधी खारट होते तर कधी त्यात मीठच नसते. मी पडले तेव्हा तिने माझा गुडघा धुतला व पट्टी बांधली, तेव्हा मला जराही दुखले नाही. आमच्या चाळीतील सर्व मुले पडली की तिच्याकडेच येतात. तिने नर्सच्या शाळेचा फॉर्म भरला आहे. हे गुपित असल्यामुळे मी कोणालाही सांगत नाही. आई तिचे लग्न करणार आहे, त्यामुळे ती रोज पाण्याच्या पिंपामागे थोडा वेळ रडते व मग चहा करते.' बाईंनी मला दहापैकी चार मार्क दिले. गुपित या शब्दाखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'मग येथे कसे सांगितले?' आणि खाली, 'पालकांची सही आणावी.'

चार मार्कांवर सही मागणं शक्य नव्हतं, आणि त्या मजकुरावर तर त्याहून नव्हतं. सोमवारपर्यंत काहीतरी सुचेल म्हणून मी तो कागद पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध सारून ठेवला. बाईंचा नियम असे की कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, शाई पलीकडे फुटते. त्यामुळे निबंधाची पाठ अगदी कोरी होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई भलतीच खुशीत होती. फोटो आणि पत्रिका मावेल असं मोठं पाकीट तिने एकटीने करून, पत्ता बाबांकडून घालून, नाक्यावरच्या पेटीत टाकूनही आली होती. "इतको झकास कागद गावलो," ती म्हणाली. "जाड, लांब, एक डाग नाय." मला तेव्हाही काही वाटलं नाही. रविवारी गठ्ठा उपसला तेव्हा निबंध त्यात नव्हता. मी तो गठ्ठा तीनदा मोजला. खोलीतल्या प्रत्येक पाकिटात डोळा घालून बघितलं. मग जिन्यात जाऊन बसले.

सोमवारी निबंध हरवला म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि मला ते बरंच वाटलं, विचार करायला वेळ मिळाला. मी स्वतःची समजूत घातली ती आईच्याच शब्दांनी, की पाकीट आतून कोण वाचतं. आठ दिवस याच एका वाक्यावर काढले. मग मुलुंडचं उत्तर आलं. येत्या रविवारी मुलाची आई एकटीच भेटायला येणार होती. बाबांनी पत्र वाचलं आणि आईने पाकीट हातात घेतलं. तिने ते उजेडाकडे धरलं, तोंडाशी बोट घालून आत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. आत कुठल्यातरी सोसायटीचं नाव छापलेलं होतं.

"उलटलेला दिसता," आई म्हणाली.

"मग काय झालं?" बाबा म्हणाले.

"काय नाय. बाई आपल्यापेक्षा जोरात आसा."

आईला काळजी पडली ती आपली मुलगी अशा चिक्कू घरात जाणार याची. माझी काळजी वेगळी होती. जी बाई पाकिटं उलटी करते ती पाकिटं उकलते, आणि जी उकलते तिला आतलं सगळं दिसतं. हे त्या खोलीत फक्त मला समजलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या आठवड्यात मी न सांगता पाणी भरलं, भांडी घासली, ताईच्या केसांना तेल लावून दिलं. ताई म्हणाली, "तुला ताप आहे का गं?"

रविवारी आईने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. ताईने निळी साडी नेसली आणि स्टोव्हकडे तोंड करून बसली. मुलाची आई, तावडेबाई, आल्या त्या बरोबर सांगितलेल्या वेळेला, हातात कापडी पिशवी, अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घावणा खाल्ला, उसळ परत मागून घेतली. मग आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं पाकीट फार सुबक. खळ कसली वापरता?"

आईला दुसरं काय हवं होतं. मैदा, मोरचूद, मंद आच, सगळं निघालं. तावडेबाई साबुदाण्याच्या खळीच्या बाजूने होत्या. दोघींची चांगली दहा मिनिटं जुंपली आणि बाबा माझ्याकडे बघून हळूच हसले. मला हसू येत नव्हतं. कारण तावडेबाईंनी आता पिशवीत हात घातला होता आणि एक लांब कागद बाहेर काढून मांडीवर सरळ केला होता. घड्यांच्या खुणा तशाच होत्या. लाल शाई मला बसल्या जागेवरून दिसली.

"मी पाकीट टाकत नाही, उलटून वापरते," त्या म्हणाल्या. "हे उकललं तेव्हा आत हे होतं. मंगल कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यामुळे त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी कागद बाबांकडे दिला. बाबांनी तो मोठ्याने वाचायला घेतला, कारण बाबांना मनात वाचायची सवयच नव्हती. शिटीपाशी ते खोकले. आमटीपाशी त्यांना हसू आवरलं नाही. पुढे त्यांचा आवाज हळू होत गेला आणि पिंपाच्या ओळीशी थांबला. ताईने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

"नर्स?" आई म्हणाली. "परक्या माणसांचा हागणा-मुतणा काढूक? आणि हॉस्टेलात ऱ्हवाक?"

"वहिनी, थांबा जरा," तावडेबाई म्हणाल्या. "शैला, इकडे बघ बाळ. हे खरं आहे का?"

ताई वळली. तिने आधी माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढच्या महिन्याभराचे चिमटे मला त्यात दिसले. मग ती म्हणाली, "हो. बोलावणं आलंय. पुढच्या सोमवारी मुलाखत आहे."

हे बोलावण्याचं मलाही माहीत नव्हतं. आईने डोक्याला हात लावला. तावडेबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, दोरा नीट केला आणि परत घातला. "मी सातवीची फायनल पास झाले होते," त्या म्हणाल्या. "शाळेत बाई म्हणून लागणार होते. कागद आला तेव्हा माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. सासरची माणसं वाईट नव्हती, काही त्रास नव्हता. पण वर्षानुवर्षं शाळेची घंटा झाली की माझा हात कामात थांबायचा. माझ्या मुलाला बायको मिळेल हो. असं मन दुसरीकडे ठेवून आलेली मुलगी मला घरात नको. त्याच्यासाठीही नको आणि तिच्यासाठीही नको."

त्यांनी फोटो आणि पत्रिका पिशवीतून काढून आईपुढे ठेवली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चार मार्क कमी दिलेत बाईंनी." मग दारात थांबून आईला म्हणाल्या, "वहिनी, एकदा साबुदाण्याची करून बघा." आईने नुसती मान हलवली.

त्यानंतर तीन दिवस आई ताईशी बोलली नाही. माझ्याशी मात्र सारखी बोलली, आणि ते ऐकण्यापेक्षा अबोला परवडला असता. एकदा तरी तू गप्प बसशील का, हा त्यातला मवाळ भाग. चौथ्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "तुमी काय ता बोला की." बाबा म्हणाले, "गिरणी बंद झाली त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही तुला पुढे काय करायचंय. आपण हिला विचारूया." एवढं लांब बोललेले बाबा मला दुसरे आठवत नाहीत. ताईने फार काही मागितलं नाही. मुलाखतीला जाऊ द्या, झालं नाही तर तुम्ही म्हणाल तिथे लग्न करीन, इतकंच म्हणाली. आईने त्या 'झालं नाही तर'वर भरवसा ठेवून होकार दिला. बाबा बरोबर गेले. ताईचं झालं.

हॉस्टेलवर जाताना ताईने पत्र्याची पेटी भरली. आईने त्यात लोणचं, कुळथाचं पीठ आणि तिच्या मते नर्सच्या शाळेत मिळणार नाहीत अशा अनेक गोष्टी कोंबल्या, मीठसुद्धा. मला ताईने दारात जवळ ओढून चिमटा काढला आणि तो तिने इतका वेळ धरून ठेवला की तो चिमटा राहिलाच नाही. ती गेल्यावर खोली मोठी वाटायला लागली. शनिवारी कापायला कुणी नसे, म्हणून कात्री माझ्याकडे आली आणि माझ्या वाकड्या रेघा बघून आई म्हणायची, "शैला होती तेव्हा..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची. तावडेबाईंची आणि तिची पत्रापत्री मात्र सुरू झाली ती पुढे कैक वर्षं चालली. त्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे मुलुंडला जेवून आलो. नवरीचा स्वभाव चांगला बडबडा होता. ताई आता बोरिवलीला असते, मोठ्या इस्पितळातून मेट्रन होऊन निवृत्त झाली, आणि आपण घोरत नाही असं अजून शपथेवर सांगते.

आई सहा महिने ताईला भेटायला गेली नाही. बाबा जायचे, मी जायचे. ती दर वेळी काहीतरी काम काढायची. एकदा मात्र तिने तांदळाचे लाडू केले आणि डबा स्वतःच उचलला. तिथे गेल्यावर कळलं की ताईची त्या वेळी वॉर्डात ड्यूटी आहे. आम्ही वॉर्डाच्या दाराशी गेलो. फिनेलचा वास, खाटांची लांब रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी पांढऱ्या कपड्यांतली ताई एका म्हाताऱ्याला पाठीशी हात घालून उठवून बसवत होती. तो कण्हत होता आणि ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, आम्हाला ऐकू येत नव्हतं. त्याला बसवून तिने उशी नीट केली, तोंड पुसलं. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली आणि ती तिकडे गेली. आई दारात उभी राहून बघत होती. डबा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी चाळभर ऐकू जाईल अशी "गो शैले" म्हणून हाक मारणार, आणि मी शरमेने थोडी मागे सरकले.

दारावरच्या आयाबाईने विचारलं, "कोण पाहिजे?"

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "सिस्टर परब," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांका कामातसून उठवू नकात. आमी थांबतो."